थँक्यूच्या बॉटला मंजुरी मिळवताना: माझा अनुभव

कंपनीच्या मंजुरीच्या फॉर्ममधला सतरावा रकाना असा होता: 'व्हेंडरचा एसओसी-टू रिपोर्ट जोडा.' पुढे लाल चांदणी, म्हणजे सोडता येणार नाही. एसओसी-टू म्हणजे सॉफ्टवेअर देणारी कंपनी डेटा नीट सांभाळते का, याचा बाहेरच्या लेखापरीक्षकाचा अहवाल. आमच्या बॉटचा, म्हणजे आभार पोचवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, व्हेंडर (पुरवणारा) कोण, तर आम्हीच. घरच्या लोणच्याला कारखान्याचं लायसन्स मागावं तसला प्रकार. या एका रकान्यापायी नऊ दिवस गेले, आणि एकूण मंजुरीला सात आठवडे. तुमच्या कंपनीत कुणी असलं काही करायला घेणार असेल तर कोडचं नंतर बघा, आधी हे वाचा.

बॉट तसा साधा. टीम पुणे, नाशिक, कोल्हापुरात पसरलेली, दोघं न्यू जर्सीत, सगळे घरून काम करणारे. ऑफिसात 'वाचवलंस रे' म्हणून खांद्यावर थाप पडायची, चहा व्हायचा. घरून काम करताना मदत होते, तिकीट (कामाची ऑनलाइन नोंद) बंद होतं, आणि आपल्यामुळे कुणाची तरी रात्र वाचली हे मदत करणाऱ्याला कळतही नाही. म्हणून स्लॅकवर, म्हणजे आमच्या ऑफिसच्या चॅट ॲपवर, एक सोय हवी होती: नेमकं काय केलं म्हणून आभार, ते लिहायचं आणि ते त्या माणसापर्यंत जायचं.

पहिल्या आवृत्तीत इमोजीची युक्ती केली. कुणाच्या मेसेजवर नमस्काराचे हात टाकले की बॉटने तो मेसेज उचलायचा आणि 'अमुकने तुझे या कामाबद्दल आभार मानलेत' असं लिहिणाऱ्याला कळवायचं. सोपं वाटलं, पण अडचण इथेच होती. अशी इमोजी (रिॲक्शन) पडल्यावर स्लॅक बॉटला जी सूचना, म्हणजे इव्हेंट, पाठवतं त्यात चॅनल (मेसेज ज्या ग्रुपमध्ये आहे तो) असतं, मेसेजचा टाइमस्टँप (नेमकी वेळ) असतो, मेसेज कुणाचा तेही असतं. मेसेजचा मजकूर मात्र नसतो. तो हवा तर चॅनलची हिस्टरी वाचण्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळाली की बॉट ज्या ज्या पब्लिक चॅनलमध्ये आहे तिथलं सगळंच वाचू शकतो. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. आमचा बॉट, आमचं चॅनल, कशाला कोण काय म्हणणार!

मंजुरीचा फॉर्म बाहेरून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेला होता आणि घरच्या बॉटलाही तोच लावत होते. पहिल्यांदा मी सतराव्या रकान्यात 'लागू नाही' टाइप केलं. तिथे टाइप चालत नाही, फाइलच लागते. फाइल जोडल्याशिवाय सबमिटचं बटण करडंच राहतं. मग मेल टाकला, त्याला 'कृपया फॉर्ममार्फत संपर्क करावा' असं आपोआप उत्तर आलं. शेवटी एक पानाची पीडीएफ केली: 'हा अंतर्गत बॉट आहे, बाहेरचा व्हेंडर नाही, म्हणून हा अहवाल लागू नाही. सर्व्हर कंपनीच्याच खात्यावर आहे, कोड कंपनीच्याच रिपॉझिटरीत आहे.' खाली नाव आणि तारीख. ती जोडली आणि फॉर्म गेला. नऊ दिवस लागले ते ही पीडीएफ सुचायला. तुम्ही पहिल्याच दिवशी करून ठेवा.

दुसरा फेरा स्वतःच्या चुकीने झाला. 'वैयक्तिक डेटा हाताळला जातो का?' याला मी 'नाही' लिहिलं. फॉर्म परत आला, आणि यायलाच हवा होता. माणसाचं नाव, युजर आयडी आणि त्याच्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाक्य हा वैयक्तिक डेटाच आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचला असता तर तसं लिहिलंच नसतं. 'हो' लिहा आणि पुढे लगेच सांगा की काय साठवता, किती दिवस, कोण बघू शकतं. आमचं उत्तर असं झालं: मजकूर पोचला की पुसला जातो, मेसेजचा क्रमांक तेवढा ७ दिवस राहतो, तोही एकच आभार दोनदा जाऊ नयेत म्हणून. या दोन ओळींनंतर त्या भागावर एकही प्रश्न आला नाही.

तिसरा फेरा सगळ्यात चीड आणणारा. तिकीट १४ दिवस हललं नाही म्हणून सिस्टिमने ते 'अर्जदाराकडून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून बंद केलं. प्रतिसाद द्यायचा होता त्यांनी! पुन्हा उघडलं तर नंबर रांगेच्या शेवटी. तेव्हापासून दर १० दिवसांनी तिकिटावर 'स्थिती कळवावी' एवढी एक ओळ टाकायची सवय लावून घेतली. तिकीट जिवंत राहतं.

आणि मग खरा अडथळा. परीक्षण करणारे आठवड्याला फार तर एखादाच प्रश्न विचारायचे. पाचव्या आठवड्यात आलेला प्रश्न मला अजून पाठ आहे: 'एका नमस्कारासाठी आख्खं चॅनल वाचणार का?'

राग आला होता, खोटं कशाला बोलू. समजावणारं लांबलचक उत्तर लिहिलं, पाठवलं नाही, पुसलं. कारण प्रश्न बरोबर होता. उत्पादनाच्या चॅनलवर ग्राहकांची नावं असतात, कधी घाईत कुणीतरी पासवर्डसुद्धा टाकतं. हे सगळं वाचायची मुभा असलेला बॉट, तोही दोघांनी फावल्या वेळात लिहिलेला. मी त्यांच्या खुर्चीत असते तर मीही अडवला असता. मात्र हाच प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारला असता तर महिना वाचला असता, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. पत्रव्यवहारात अडकू नका, १५ मिनिटांचा कॉल मागा आणि स्क्रीन दाखवा. मी कॉल मागितला तो पाचव्या आठवड्यात, आणि त्यात जे सुटलं ते त्याआधी सुटलं नव्हतं.

तोडगा निघाला तो मेसेज शॉर्टकटचा, म्हणजे मेसेजच्या मेनूतच बॉटचं बटण देण्याचा. कुठल्याही मेसेजच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की यादीत 'आभार माना' दिसतं. ते निवडलं की स्लॅक तो एकच मेसेज, मजकुरासकट, बॉटकडे पाठवतं. हिस्टरीची परवानगी लागतच नाही, 'कमांड्स' नावाची (शॉर्टकट आणि कमांड चालवण्याची) पुरते. बॉट त्या चॅनलचा सदस्यही असावा लागत नाही. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने जे दिलं तेवढंच बॉटला दिसतं. शेवटी परवानग्या उरल्या चार: कमांड्स, मेसेज लिहिणं, डीएम (एकट्यालाच दिसणारा खाजगी मेसेज) उघडणं आणि वेळक्षेत्रासाठी युजरची माहिती वाचणं.

या चारही एकदमच मागा. एखादी मागाहून आठवली की ॲप पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं, आणि जिथे ॲडमिनची मंजुरी लागते तिथे तो अर्ज नव्याने जातो. युजरची माहिती मी विसरले होते. त्याचा एक आठवडा वेगळा.

इमोजी गेली त्याचं वाईट वाटलं नाही. नमस्काराचे हात लोक 'बघितलं', 'बरं', 'जेवायला जातोय' अशा कशालाही टाकतात. शॉर्टकटने खिडकी उघडते आणि तिथे एक वाक्य लिहावं लागतं. खिडकीतल्या शब्दांवर कोडपेक्षा जास्त वेळ घालवा. आधी रकान्याचं नाव 'संदेश' होतं आणि किमान २५ अक्षरांची अट होती. लोक 'थँक यू सो मच' लिहून पुढे टिंबं मारून अट पुरी करायचे. अट काढली, नाव बदलून 'त्यांनी नेमकं काय केलं?' ठेवलं, आणि आत फिकट अक्षरांत नमुना दिला: 'शुक्रवारी रात्री मायग्रेशन अडकलं तेव्हा फोन उचललास.' लगेच फरक पडला. या नमुन्याला १५० अक्षरांची मर्यादा आहे, तेवढी पुरते. नमुना मराठीत ठेवला तर लोक मराठीत लिहितात, हेही तेव्हाच दिसलं. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानले की 'परकं केलंस का?' असं ऐकावं लागतं, त्यामुळे 'आभारी आहे' लिहिताना हात अडखळतो. 'तू होतास म्हणून निभावलं' लिहायला अडखळत नाही.

'असलं लिहिलं की अवघडल्यासारखं होतं' ही शंका फॉर्मवरही आली, 'व्यावसायिक गरज' या रकान्यावरचा शेरा म्हणून. तिथे अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा २०१८ चा अभ्यास कामी आला. कृतज्ञतेचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा ते मिळणाऱ्याला जास्त आनंद होतो आणि अवघडलेपण कमी वाटतं, असं त्यांना आढळलं. दोन ओळींत लिहिलं, रकाना पास.

तांत्रिक बाजूला एकच गोष्ट खरी छळते: तीन सेकंद. कमांड असो, शॉर्टकट असो, स्लॅकला ३ सेकंदांत पोच द्यावी लागते, आणि खिडकी उघडण्यासाठी स्लॅक देतं तो तात्पुरता क्रमांक, ट्रिगर आयडी, तोसुद्धा ३ सेकंदांतच मरतो. आमची पहिली आवृत्ती झोपी जाणाऱ्या फुकटच्या सर्व्हरवर होती. तो जागा होईपर्यंत वेळ संपायची. इव्हेंटच्या बाबतीत तर पोच नाही मिळाली की स्लॅक तोच इव्हेंट पुन्हा पाठवतं, आणखी तीन वेळा. एका सहकाऱ्याला एकाच कामाबद्दल चार थँक्यू गेले ते यामुळेच. आधी पोच द्या, मग डेटाबेस उघडा, आणि इव्हेंटचा आयडी तपासून दुसऱ्यांदा आलेला टाकून द्या.

सर्व्हर बाहेरून उघडा ठेवायचा नसेल तर सॉकेट मोड वापरा. बॉटच स्लॅककडे जोडणी करतो, पब्लिक यूआरएल (इंटरनेटवर सगळ्यांना दिसणारा पत्ता) लागत नाही. फॉर्ममधला 'सार्वजनिक पत्ते' हा सगळा भाग त्याने गळून पडतो. फक्त प्रोसेस चोवीस तास चालू हवी; लॅपटॉपवर चालवलीत तर झाकण मिटलं की बॉटही मिटला.

वेळेचं. पुण्यात सकाळी १० वाजता न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात साडेअकरा असतात. त्या वेळी फोन वाजला तर थँक्यू कसलं, शिवी मिळेल. मेसेज समोरच्याच्या सकाळी १० ला जाईल असा शेड्यूल करा. युजरच्या माहितीतला तासांचा फरक साठवून ठेवू नका, वेळक्षेत्राचं नाव घ्या आणि त्यावरून त्या दिवसाची वेळ काढा, नाहीतर घड्याळ बदललं की तासाचा घोळ. वेळ सेकंदांत द्यायची असते. मिलिसेकंद दिले की आकडा हजारपट होतो आणि 'फार पुढची वेळ' अशी एरर येते, कारण शेड्यूल १२० दिवसांच्या आतच होतं. मागे घेण्याचं बटणही द्या, पण शेवटच्या ६० सेकंदांत शेड्यूल झालेला मेसेज रद्द होत नाही, तेव्हा बटण त्याआधीच लपवा.

मॅनेजर लोक लीडरबोर्ड, म्हणजे कुणाला किती आभार मिळाले याची क्रमवारी, मागतील. हेटॅकोसारख्या कौतुकाच्या ॲपमध्ये दिवसाला पाच टॅको (कौतुकाचे इमोजी) वाटता येतात आणि मजाही येते, पण मी मोजणी ठेवली नाही. आकडा दिसला की 'तू मला दे, मी तुला देतो' सुरू होतं, अप्रेझलच्या महिन्यात जरा जास्तच. शिवाय बॅकअप घेणाऱ्याचे आभार कोण मानणार? काही बिघडलंच नाही, तेच त्याचं काम. जे साठवलंच नाही ते मागताही येत नाही, आणि फॉर्मवरही एक उत्तर कमी.

आभार आधी डीएममध्येच जातात. 'चॅनलवर टाका' हे बटण ज्याचे आभार मानलेत त्याच्याकडे ठेवलंय, पाठवणाऱ्याकडे नाही. काहींना चारचौघांत कौतुक नको असतं.

स्लॅश कमांडही (तिरक्या रेघेने सुरू होणारी, टाइप करायची आज्ञा) ठेवली असेल तर तिच्या सेटिंगमध्ये युजर आणि चॅनल 'एस्केप' करण्याची खूण करायला विसरू नका. ती नसेल तर कुणाचं नाव घालून पाठवलेलं बॉटपर्यंत नुसती अक्षरं म्हणून येतं, आयडी मिळत नाही, आणि दोन प्रसाद असले की संपलं.

मंजुरी वर्षभराचीच आहे. पुढच्या वर्षी तोच फॉर्म, तोच सतरावा रकाना. पीडीएफ ठेवली आहे, तारीख तेवढी बदलायची.