सात महिन्यांचा युवराज

१४ जुलैला स्टॉकहोममधल्या बसच्या पुढच्या बाजूला दोन छोटे निळे-पिवळे झेंडे लावलेले असतात. युवराज्ञी विक्टोरियाचा तो वाढदिवस. इथे आल्यावर पहिल्या वर्षी शेजारच्या आजींना मी विचारलं, "राजाला मुलगा नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे की. काही महिने युवराजही होता. मग संसदेने बदललं."

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

विक्टोरियाचा जन्म १९७७ चा. तेव्हा स्वीडनची गादी फक्त पुरुषांकडे जात असे. मे १९७९ मध्ये भाऊ कार्ल फिलिप जन्मला आणि जन्मतःच युवराज झाला. पण गादीचा वारसाकायदा इथे राज्यघटनेचाच भाग. तो बदलायचा, तर रिक्सदागने, म्हणजे संसदेने, तोच ठराव दोनदा मंजूर करावा लागतो आणि मध्ये एक सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. ती सप्टेंबर १९७९ मध्ये झाली. १ जानेवारी १९८० पासून नवा कायदा लागू झाला: मुलगा असो वा मुलगी, थोरलं अपत्य वारस. असा नियम करणारं स्वीडन हे पहिलं राज्य. सात महिन्यांच्या बाळाची पदवी अडीच वर्षांच्या बहिणीकडे गेली.

राजा कार्ल गुस्ताफ यांना हे पटलं नव्हतं. जन्माने मिळालेलं मागाहून काढून घेणं चूक, असं त्यांचं म्हणणं. बाप म्हणून त्यांचं दुःख मला कळतं. पण ते स्वतः पाच भावंडांत धाकटे, त्यांच्यावर चार बहिणी! वडील १९४७ मध्ये कोपनहेगनच्या विमान अपघातात गेले, तेव्हा ते नऊ महिन्यांचे होते. १९७३ मध्ये आजोबांमागे गादी त्यांना मिळाली, बहिणींचा विचारही झाला नाही. शिवाय १९७५ पासून लागू झालेल्या राज्यघटनेने राजाचे उरलेसुरले राजकीय अधिकार काढून घेतले होते. पंतप्रधानपदासाठी नाव सुचवण्याचं कामही सभापतींकडे गेलं. राजाने मत मांडलं, संसदेने निर्णय घेतला.

खरं तर हे राजघराणंच संसदेने आणलेलं. १८०९ मध्ये तोवर स्वीडनचा भाग असलेलं फिनलंड रशियाकडे गेलं, राजाला पायउतार केलं, त्याच्या निपुत्रिक काकाला गादीवर बसवलं. निवडलेला वारस वर्षभरातच वारला. मग ऑगस्ट १८१० मध्ये ओरेब्रो गावी भरलेल्या संसदेने नेपोलियनचा एक सेनानी, फ्रान्समधल्या पो शहरातल्या वकिलाचा मुलगा बर्नादोत, वारस म्हणून निवडला. आजचा राजा त्याच्याच वंशातला. त्या वर्षीच्या वारसाकायद्यातली कलमं अजून जिवंत आहेत. वारसाने लग्नाआधी सरकारची संमती घ्यायची, हे त्यातलंच. व्यायामशाळा चालवणाऱ्या डॅनियलशी २०१० मध्ये लग्न करण्यापूर्वी विक्टोरियासाठीही ती घ्यावी लागली.

हे वाचताना मला सारखी आत्या आठवते. ती भावंडांत थोरली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. आत्याचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. पुढे काकांनी कागद पुढे केला आणि तिने हक्कसोडपत्रावर सही केली. माहेर तुटू नये म्हणून. इथल्या संसदेने मात्र विक्टोरियाला "तू आधी जन्मलीस, तुला लागू नाही" असं सांगितलं नाही. राजाला जे खुपलं, नेमकं तेच मला या कायद्यातलं सगळ्यात न्याय्य वाटतं.

गेल्या आठवड्यात आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भाऊ बोलतो ना गं तिच्याशी?"

बोलतो, म्हटलं. तिच्या मुलीच्या, एस्टेलच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून तोच उभा होता. त्याच्या थोरल्या मुलाची धर्ममाता ती.

"बरं झालं," आत्या म्हणाली.