गीझरच्या तोंडात मी मारलेलं बूच

आमचा 25 लिटरचा गीझर नऊ वर्षं मुकाट्याने चालला. मध्यंतरी प्लंबरने थंड पाण्याच्या पाइपवरचा जुना, चुना धरलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, आणि त्यानंतर काही दिवसांनी त्या नव्या व्हॉल्व्हच्या खालच्या बारीक तोंडातून पाणी ठिबकताना दिसलं. मी आधी जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळली. पाणी जोडातून येतच नव्हतं, पण काहीतरी केल्याचं समाधान. मग सरळ त्या तोंडात रबरी बूच ठोकलं. थेंब थांबला आणि दोन दिवस मी घरात टेचात वावरले.

तिसऱ्या दिवशी गरम पाण्याचा नळ ठिबकायला लागला. तोही फक्त गीझरचा लाल दिवा पेटलेला असताना. दिवा विझला की नळ गप्प. त्यात संध्याकाळी गीझरच्या खालच्या प्लास्टिकच्या झाकणाशी तपकिरी ओघळ दिसला, तेव्हा माझा टेच उतरला.

प्लंबरना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, थेंब कधी पडायचा? गार असताना की तापताना?" कुठून पडतो ते मी चार वेळा वाकून पाहिलं होतं, कधी पडतो ते एकदाही नाही. "बूच आत्ता काढा. आणि आधी एमसीबी, म्हणजे गीझरच्या विजेचा बोर्डावरचा खटका, पाडा," ते म्हणाले. बूच निघालं तशी फस्सकन एक चिळकांडी थेट माझ्या बाहीवर.

त्यांच्या सांगण्यावरून त्या तोंडाखाली एक मग टांगला. तासभर गीझर बंद ठेवला, मगात थेंबही नाही. खालचा ओघळही तोवर थांबलेला, म्हणून त्यांनाच विचारून फक्त एकदा गीझर चालू केला, आणि पाच-सात मिनिटांत ठिबक सुरू झाली. पाणी तापून दिवा विझेपर्यंत अर्धा तास गेला, मगात जमलं होतं साधारण 300 मिली. हा हिशोब बसतो. पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की जवळजवळ दीड टक्का फुगतं. म्हणजे 25 लिटरमागे साडेतीनशे मिलीच्या आसपास. टाकी चहूबाजूंनी बंद, पाणी काही दाबून लहान होत नाही, तेव्हा ते जाणार कुठे?

मग इतकी वर्षं का नाही ठिबकलं? जुन्या व्हॉल्व्हमधली एकाच दिशेने उघडणारी झडप चुन्याने उघडीच अडकली होती. फुगलेलं पाणी गुपचूप थंड पाइपात मागे सरकत असे. नवी झडप नीट बंद होते, म्हणून जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर. त्यावर 8 बार असं कोरलेलं आहे. दाब तिथवर चढला की तो उघडतो. हाच रस्ता मी बुजवला होता. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळवत राहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मला रात्री अंथरुणात आला, आणि तो फार वेळ डोक्यातून गेलाच नाही.

तपकिरी ओघळ मात्र खरी गळती निघाली. प्लंबरनी वीज तोडून, टाकी रिकामी करून झाकण उघडलं. कॉइल जिथे नटांनी आवळलेली असते तिथली पाणी अडवणारी रबरी गॅस्केट कडक होऊन चिरली होती, एका नटाभोवती पांढरट-हिरवी पापडी. बुचामुळे वाढलेल्या दाबाने गळतीला उरलीसुरली वाट मोकळी करून दिली असणार. वायरी तिथून बोटभर अंतरावर. टाकीचाच पत्रा सडला असता तर नवा गीझर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो शाबूत होता. मॅग्नेशियमचा दांडा मात्र झिजून लोखंडी तारेएवढा उरला होता. टाकीऐवजी स्वतः गंजायचं हेच त्याचं काम. गॅस्केटबरोबर तोही बदलून घेतला.

आता व्हॉल्व्हच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत सोडली आहे. खालच्या झाकणाला आठवडाभर टिश्यू पेपर चिकटवून ठेवला होता, कोरडाच राहिला. सकाळी दिवा लागला की नळीतून पाणी ठिबकतं, आणि पाहुणे हटकून सांगतात, "अहो, तुमचा गीझर गळतोय."