आमची वाटचाल: शिडी, कॅन आणि मग अर्धा टन पाणी

काचा साफ करायचं काम म्हणलं की लोकांना अजून शिडी, बादली आणि वायपरच आठवतो. आमचीही सुरुवात तिथूनच झाली, मी आणि माझा चुलतभाऊ, दोघंच. पण आत्ता जे काही लिहितोय ते काचांबद्दल कमी आणि पाण्याबद्दल जास्त आहे, कारण धंदा वाढत गेला तसं आमच्या लक्षात आलं की काचा पुसणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं काम म्हणजे पाणी वाहून नेणं, आणि त्याबद्दल आमच्या लाईनमधे फार कोणी बोलत नाही. पोल कुठला घ्यावा यावर मात्र तासनतास वाद घालतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आता बरंचसं काम लांब पोलवर होतं. पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून शुद्ध पाणी येतं, खाली जमिनीवर उभं राहून तिसऱ्या चौथ्या मजल्याची काच घासायची, धुवायची आणि तशीच सोडून द्यायची. पुसायची गरजच नाही, कारण पाण्यात क्षार नसले तर वाळल्यावर डाग रहात नाही. त्यासाठी पाणी आधी आरओमधून काढायचं, मग उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनमधून, टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, शून्य आलं पाहिजे. हे असलं पाणी गिऱ्हाइकाच्या नळाला मिळत नाही, म्हणजे ते आपणच घेऊन जायचं. शिडी सुटली, कंबर वाचली आणि गाडीवर पाण्याचा बोजा आला.

सुरुवातीला आम्ही २५ लिटरचे कॅन न्यायचो. ब्रशमधून मिनिटाला दीड ते दोन लिटर पाणी जातं म्हणजे एक कॅन पाव तासात खलास, मग दुसरा, मग तिसरा. छोट्या बंगल्यांना चालून जायचं. पण शाळा, ऑफिसं, दुकानांची काचेची दर्शनी भिंत असली कामं यायला लागली तसं कॅन उचलण्यातच जीव जायला लागला, आणि मग गाडीत टाकी बसवायची असं ठरलं.

हिशोबाचं सगळं भाऊ बघतो. तो म्हणला, "दादा, आधी पाणी किती लागतं ते काढू, मग टाकी बघू, मग गाडी." सगळे उलटं करतात, आधी गाडी घेतात आणि मग त्यात मावेल तेवढी मोठी टाकी ठेवतात. आम्ही बसून काढलं तर आठ तासाच्या कामात प्रत्यक्ष पाणी चालू असतं ते चार तासाच्या आसपास, बाकीचा वेळ पाईप ओढणं, गाडी लावणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, पुढच्या कामाला जाणं. मिनिटाला पावणेदोन लिटर धरलं तरी एका माणसाला दिवसाला ४०० लिटरच्या जवळपास पुरतं. पंपाच्या कंट्रोलरवर पाण्याचा जोर जरा कमी ठेवला तर त्याहून कमी. म्हणजे एकट्याच्या गाडीला हजार लिटरची टाकी लागत नाही, ती फक्त मनाला बरं वाटावं म्हणून असते.

आणि पाण्याचं गणित सगळ्यांना येतं पण कोणी करत नाही. १ लिटर म्हणजे १ किलो. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, हे नुसतं पाणी झालं. त्यावर टाकी आणि फ्रेम, बॅटरी, पंप, फिल्टर, दोन रीळ भरून पाईप, पोल, दोन माणसं आणि त्यांच्या पिशव्या. छोट्या व्हॅनचा पेलोड, म्हणजे गाडीत जास्तीत जास्त घालता येणारं वजन, साधारण ६०० ते ८०० किलो असतो, तो कधी संपला कळतसुद्धा नाही, कारण गाडीत बघावं तर निम्मी जागा रिकामीच दिसते. पाणी जागा थोडी घेतं आणि वजन जास्त देतं. त्यातही कॅटलॉगमधला पेलोड ड्रायव्हर धरून आहे का सोडून हे विचारून घ्यावं, सेल्समन स्वतःहून सांगत नाही.

म्हणून आमच्याकडे एक गोष्ट पहिल्यापासून चालत आलीय. नवी गाडी तयार झाली की टाकी काठोकाठ भरायची, डिझेल फुल, रोज जे सामान असतं ते सगळं आत, दोन माणसं बसवायची आणि वजनकाट्यावर न्यायची. पूर्ण गाडी एकदा, मग नुसता पुढचा एक्सल, म्हणजे फक्त पुढच्या चाकांवरचं वजन, मग नुसता मागचा. एकूण वजन बसतं पण मागचा एक्सल जास्त होतो असं खूप वेळा निघतं, कारण टाकी मागच्या चाकाच्या मागे गेलेली असते. समजा ५०० किलो मागच्या एक्सलच्या ६० सेंटीमीटर मागे ठेवले आणि गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे, तर मागच्या एक्सलवर ५०० नाही, ६०० किलो पडतात आणि पुढच्यावरचे १०० किलो उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली म्हणजे स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्हीला पकड कमी. पाऊस असेल तर हे लगेच जाणवतं. म्हणून टाकी पुढे पाहिजे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पार्टिशनला चिकटून, आणि शक्य तेवढी बुटकी आणि पसरट. उभी टाकी जागा वाचवते हे खरं, पण वळणावर गाडी झुकते ती झुकतेच.

आता टाकी जागेवर धरून ठेवायची कशी, म्हणजे माल बांधायच्या पट्ट्याचा विषय. आमच्या लाईनमधे ज्या ज्या माणसाशी टाकीबद्दल बोललो त्यातले अर्धे तरी म्हणाले की पट्ट्याने आवळली की झालं, इतकी वर्षं हललेली नाही. आणि ते खोटं बोलत नाहीत, खरंच हललेली नसते. रोजच्या चालवण्यात कितीही कचकन ब्रेक मारला तरी पुढे जाणारा जोर साधारण मालाच्या वजनाच्या ०.८ पट इतका धरतात, युरोपातल्या माल बांधायच्या नियमातसुद्धा हाच आकडा आहे. म्हणजे ५०० किलोच्या टाकीला ४०० किलोचा जोर. तेवढं चांगला पट्टा आरामात धरतो. पण धडक झाली तर हिशोबच बदलतो. गाडी ताशी ५० च्या वेगाने जातीय आणि समोर आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या जवळजवळ २० पट जोर येतो. ५०० किलोचे १० टन. आणि वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, त्यामुळे हायवेचं तर बोलूच नका. म्हणजे रोजचा ब्रेक आणि धडक यात पंचवीसपट फरक आहे, आणि रोजचा ब्रेक हजारवेळा पास झाला म्हणून धडकेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे मी ज्याला त्याला सांगतो, काही जणांना पटतं, काही जण म्हणतात दादा आपण हळूच चालवतो. समोरचा हळू चालवतोय का पण?

पट्टा स्वतः भक्कम असतो, मान्य. दुखणं बाकीच्या ठिकाणी असतं. पट्टा ताणला की लांबतो. प्लास्टिकची टाकी दाबली की दबते, थोडी गरम झाली की अजून दबते आणि सकाळी आवळलेला पट्टा दुपारी ढिला सापडतो. आणि पट्टा ज्या कडीला अडकवलाय ती फ्लोअरमधली कडी खोकी आणि पेट्या बांधायला दिलेली असते, दहा टनाला नाही. टाकी आणि ड्रायव्हरच्या मधलं पार्टिशन हा दुसरा गैरसमज. पत्र्याचं ते पार्टिशन बऱ्याच गाड्यांत पेट्या सरकू नयेत इतपतच असतं, त्याच्या भरवशावर अर्धा टन पाणी पाठीमागे घेऊन बसायला माझं तरी मन होत नाही.

दुसरी गाडी आम्ही सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकाने टाकी, रीळ सगळं बसवून दिलेलं. फोटोत एकदम मस्त दिसत होती. भावाने टाकी काढायला लावली तेव्हा खाली बघितलं तर फ्रेम लाकडात मारायच्या साध्या स्क्रूने प्लायवर बसवलेली, आणि तो प्लाय फ्लोअरवर नुसता पसरलेला. म्हणजे टाकी प्लायला धरून होती आणि प्लाय कशालाच धरून नव्हता. वर काळा रंग, एलईडी लाईट, कंपनीचं स्टीकर. त्या माणसाने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, कोणीतरी त्याला तसं बसवून दिलं असणार आणि त्याने कधी खाली वाकून बघितलं नसणार.

फॅब्रिकेटरकडून फ्रेम करून घ्यायची का क्रॅश टेस्ट केलेली घ्यायची यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आमचा फॅब्रिकेटर हाताने चांगला आहे, त्याचं वेल्डिंग मी डोळे झाकून घेईन, शेल्फ आणि पोलचे रॅक आजही तोच करतो. तो म्हणला, "साहेब, असं चॅनेल लावतो की हत्ती उभा करा." पण हत्ती उभा रहाणं आणि धडकेत न सुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो बिचारा धडक करून बघू शकत नाही. ज्या कंपन्या क्रॅश टेस्ट करून टाक्या विकतात त्यांनी भरलेली टाकी फ्रेमसकट स्लेडवर, म्हणजे धडकेच्या टेस्टसाठीच्या सरकत्या गाड्यावर, ठेवून आदळून बघितलेली असते. महाग पडतं, हो. घेताना विचारायचं की टेस्ट किती वेगाला केली, टाकी पूर्ण भरलेली होती का, आणि बोल्ट, प्लेट सगळं तेच मिळणार ना जे टेस्टमधे होतं. नुसतं क्रॅश टेस्टेड लिहिलंय आणि कागद नाही, तर मी ते नुसतं रंगकाम समजतो. आम्ही टेस्टेड घेतली, आणि छोटी घेतली. मोठी साधी टाकी आणि छोटी टेस्टेड टाकी यात पैसे फार वेगळे नव्हते.

बसवताना काय बघायचं तर व्हॅनचा फ्लोअर म्हणजे पातळ पत्रा. त्यातून बोल्ट काढून खाली छोटा वॉशर लावला तर धडकेत बोल्ट तुटत नाही, कागदातून टाचणी निघावी तसा पत्र्यातून निघून येतो. म्हणून खालून रुंद जाड स्टीलची प्लेट पाहिजे, जमेल तिथे चॅसिसच्या मेंबरला, म्हणजे खालच्या जाड लोखंडी पट्टीला, धरून, आणि बोल्ट हाय टेन्साईल, ८.८ ग्रेडचे किंवा त्याच्या वरचे. भोक पाडायच्या आधी गाडीखाली जाऊन बघणं, डिझेलची टाकी, ब्रेकचे पाईप, वायरिंग कुठून गेलंय. इलेक्ट्रिक व्हॅनमधे तर फ्लोअरखाली बॅटरीच असते, तिथे अंदाजाने ड्रिल घालायचं नावच काढायचं नाही, गाडी बनवणाऱ्याने दिलेले पॉईंटच वापरायचे. आणि इलेक्ट्रिकमधे बॅटरीच्या वजनामुळे पेलोड बऱ्याचदा कमी मिळतो ते वेगळंच. भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट लावायचं कारण आमच्या गाडीत खाली कायम ओलच असते, गंज तिथूनच चालू होतो. नवीन बसवल्यावर थोड्या दिवसांनी बोल्ट परत टॉर्कला चेक करतो, नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला. आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवायचं की गाडीत टाकी बसवलीय, किती लिटरची, कशी. हे न कळवता फिरणारे खूप आहेत.

पाणी हिंदकळण्याबद्दलही सांगतो. टाकी काठोकाठ भरलेली असली की पाणी हलत नाही, रिकामी असली तर प्रश्नच नाही. अर्धी असते तेव्हा खरी गंमत, आणि दिवसातला जास्त वेळ ती अर्धीच असते! ब्रेक मारून गाडी थांबली की क्षणभराने पाणी येऊन पुढे धडकतं आणि मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी सरकते, नवीन पोरं घाबरतात. आत आडवे पडदे असलेली टाकी घेतली की हे बरंच कमी होतं, बॅफल म्हणतात त्याला. तरी नवीन पोराला आम्ही पहिले काही दिवस अर्ध्या टाकीवर मोकळ्या रस्त्यावर चालवायला लावतो, सिग्नलला लवकर ब्रेक, वळणाच्या आधी स्पीड कमी, आणि टायरमधे हवा पूर्ण लोड असलेल्या गाडीला लागते तेवढीच. दिवसभराच्या कामाचा क्रम लावतानासुद्धा जास्त पाणी लागणारं काम सकाळी ठेवतो म्हणजे उरलेला दिवस गाडी हलकी. संध्याकाळी उरलेलं पाणी घरी घेऊन येण्यात काही अर्थ नसतो, शेवटच्या गिऱ्हाइकाची गेट, पाट्या, झाडांच्या कुंड्या धुवून होतात, ते पण खूष.

हल्ली एक पोरगा लागलाय, आधी दुसरीकडे होता. पहिल्याच दिवशी म्हणला, "दादा, टाकीला पट्टा नाही मारला?" मी त्याला गाडीखाली झोपवून प्लेटा दाखवल्या. मग त्यानेच विचारलं की रेझिनची बाटली आणि जादाचे कॅन का मोकळे ठेवलेत, ते पण उडतील की. बरोबर होतं त्याचं. २५ किलोचा कॅनसुद्धा तसल्या धडकेत अर्ध्या टनाचा होतो. त्यासाठी आता टाकीच्या मागे दरवाजा असलेला रॅक केलाय, फॅब्रिकेटरनेच.

सध्या गोडाऊनवर मोठी स्थिर टाकी आहे, आरओ रात्रभर हळूहळू ती भरतं आणि सकाळी ट्रान्सफर पंपाने गाड्या थोड्या वेळात भरून निघतात, त्यामुळे रात्रभर भरलेली गाडी स्प्रिंगवर उभी ठेवावी लागत नाही. पुढच्या गाडीचं भावाचं आणि माझं अजून एकमत नाही. त्याला दोन माणसांची मोठी व्हॅन आणि ६५० लिटर पाहिजे, कारण मोठी कॉन्ट्रॅक्टं मिळतात. मला दोन छोट्या गाड्या, प्रत्येकी ३५०, एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. वजनाचे कागद दोन्हीचे काढून ठेवलेत, मागच्या एक्सलला जिच्यात वजनाची जास्त मुभा उरेल ती घ्यायची असं तूर्त ठरलंय.