त्या दिवशी पडदा काळा का राहिला

"सर, त्या दिवशी नेमकं बिघडलं काय होतं?" किराणा दुकानात विचारतात, एसटीत विचारतात. परवा तर नदीवर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे होतो, तिथेही एकाने हळूच विचारलं. मी "जरा तांत्रिक होतं" म्हणतो आणि सटकतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगतो.

वाचनालयातला तो कार्यक्रम तुम्हाला आठवतोय. पडद्यावर दीर्घिका दाखवतो म्हणालो होतो आणि तासभर काळा चौकोन दाखवला. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो तो मुंबईच्या भाच्याचा, "मामा, डीएस९ तर तयार मिळतं, फुकट. तू आठ दिवस कंपाइल कसलं करत होतास?"

मिळतं, मलाही माहीत आहे. आकाशाची छायाचित्रं उघडून बघायचं स्मिथसोनियन वेधशाळेचं सॉफ्टवेअर आहे, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. पण मला मेनू मराठीत हवे होते. आपली पोरं "स्केल" वाचून गप्प बसतात, "पट्टी" वाचली तर हात वर करतील, असं मला वाटायचं. त्यात काही भाषांच्या फायली असतात, मराठीची नव्हती. ती मी लिहिली आणि आत बसवण्यासाठी सोर्स कोडपासून सगळं बांधायला, म्हणजे कंपाइल करायला, घेतलं.

पहिल्या दिवशी एक्स-इलेव्हनची, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेची, बांधणीला लागणारी हेडर फाईल सापडेना. ते सोपं असतं, नावाच्या शेवटी "डेव्ह" असलेलं पॅकेज टाकायचं. दुसऱ्या दिवशी बांधणी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही गेला. लाईट आल्यावर पुन्हा मेक, म्हणजे ही बांधणी करणारा प्रोग्राम, चालवलं, तर शेवटच्या जोडणीत "फाईल ट्रंकेटेड" असा एरर. दोन दिवस मी लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, उलटसुलट करत बसलो. झालं होतं इतकंच, की लाईट जाताना लिहिली जात असलेली एक फाईल शून्य बाइटची राहिली होती. मेक फक्त तारीख बघतं, पोटात काय आहे ते बघत नाही. फाईल आहे, ताजी आहे, म्हणजे झाली. सगळं पुसून पहिल्यापासून बांधलं तेव्हा सुटलं.

मग प्रोग्राम उघडला आणि मेनूत नुसते चौकोन. मेनू आणि खिडक्या काढणाऱ्या ज्या "टीके" (Tk) नावाच्या संचावर डीएस९ उभं आहे, त्याला बांधताना फॉन्टची एक्सएफटी लायब्ररी मिळाली नाही, तर ते बोंब मारत नाही. गुपचूप तिच्याविना पुढे जातं. ती टाकली, पुन्हा बांधलं. अक्षरं आली, पण कशी? "दीर्घिका"तला रफार घाच्या डोक्यावर चढायचं सोडून मागे र म्हणून पाय मोडून उभा, आणि पहिली वेलांटी घाच्या पुढे यायची ती त्याच्या पाठीमागे. अक्षरं जोडायचं काम ते टीके करतच नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. मला वाटलं जुनं काहीतरी अडकलंय, म्हणून प्रोग्रामचं सेटिंग साठवणारं लपलेलं फोल्डरही उडवलं.

ते फोल्डर लक्षात ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी पन्नास-साठ माणसं होती. बाहेर आकाश स्वच्छ, देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर. पुण्याच्या मित्राने त्याच्या दुर्बिणीतून घेतलेली एम-३३ ची, म्हणजे त्रिकोण तारकासमूहातल्या दुसऱ्या दीर्घिकेची, कच्ची फिट्स फाईल (खगोलशास्त्रातल्या चित्रांची फाईल) मी उघडली. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं, हे वाक्य मी पाठ करून गेलो होतो. ते म्हटलं, आणि मागे वळून पाहिलं तर काळं.

फाईल पुन्हा उघडली. काळं. केबल काढून लावली. काळं. शेवटी मी प्रोजेक्टरकडे वळलो. तो मंडपवाल्याचा, आणि तो घेऊन आलेला पोरगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. "लेन्सला बुरशी आलीय याच्या. समुद्राच्या हवेत ठेवता कसेही," मी म्हणालो. माईक चालू होता.

तो म्हणाला, "सर, मेनू तर दिसतायत ना नीट."

दिसत होते. वरच्या ओळीत मोडक्या वेलांट्यांसकट प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होतं. माझी दीर्घिका मेनूत होती, फक्त चित्रात नव्हती. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. आणि मी, पस्तीस वर्षं पोरांना "प्रश्न विचारा रे" म्हणत आलेला माणूस, म्हणालो, "तू मला शिकवू नकोस. सामान आणायचं काम तुझं."

तो गप्प बसला. लेन्स काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. स्वच्छच होती.

रात्री दीड वाजता घरी ती फाईल उघडली. माऊस चित्रावरून फिरवत एकेका पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्याचा, उजेडाचा आकडा बघितला. आकाशाची पार्श्वभूमी हजाराच्या आसपास, दीर्घिकेचे हात त्याहून दीडशे-दोनशेने वर. आणि कोपऱ्यात एकच पिक्सेल, ६५,५३५. कॅमेऱ्यातला बिघडलेला, गरम म्हणतात तसला. डीएस९ मुळात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यांच्यामध्ये छटा सारख्या वाटतं. साडेचौसष्ट हजारांची २५६ छटांत वाटणी केली की एका छटेच्या वाट्याला अडीचशे येतात. म्हणजे अख्खी दीर्घिका एकाच काळ्या छटेत गडप. त्या एका पिक्सेलपायी.

"पट्टी" उघडली, झेडस्केल निवडलं. ही रीत टोकाचे आकडे बाजूला टाकून मधल्यांवरून मर्यादा ठरवतं. दीर्घिका लगेच आली. माझ्याकडे झेडस्केल गेली कित्येक वर्षं कायमचं लावलेलं होतं. ते त्या फोल्डरमध्ये होतं. आणि आठ दिवसांत मी एकदाही चित्र उघडलं नव्हतं, मेनूच बघत होतो.

आता म्हणाल, मराठीचा हट्ट नडला. तसं मी मानत नाही. हट्ट बरोबर होता, रंगीत तालीम केली नाही हे चुकलं. पण मग वाटतं, पोरांसाठी म्हणत होतो ते कितपत खरं? एकाही पोराला मी तो मेनू आधी दाखवला नव्हता. मला तो पन्नास माणसांसमोर एकदम उघडायचा होता. कधी वाटतं त्यात काय वाईट. कधी त्या पोराचं शर्टाचं टोक आठवतं.

दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडे भाड्याचे पैसे द्यायला गेलो. पोरगा मागे खुर्च्या मोजत होता. "काल जरा गडबड झाली," मी मालकाला म्हणालो. पोराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, याला माफी म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

मागच्या आठवड्यात धोपाव्याहून दाभोळला जाताना फेरीबोटीत तो भेटला. मोटरसायकलला टेकून उभा होता.

"सर, दिवाळीत कार्यक्रम आहे काय परत?"

"बघू."

"मालकांनी प्रोजेक्टर नवा घेतलाय. जुना दिला विकून."

"का? चांगला होता की."

"बुरशी होती ना लेन्सला," तो म्हणाला. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मी "नव्हती" म्हणालो. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. धक्का आला, फळी खाली पडली, आणि त्याने गाडीला किक मारली.