लिओटार्ड घरी शिवताना: आधी उभा वेढा मोजा

घरी शिवलेला लिओटार्ड (जिम्नॅस्टिक्स-नृत्यासाठीचा, अंगाला घट्ट बसणारा एकसंध कपडा) छातीत किंवा कमरेत क्वचितच बिघडतो. तो बिघडतो उंचीत. शर्ट किंवा फ्रॉक खाली मोकळा सुटतो, त्यामुळे दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लिओटार्ड खांद्यावरून निघतो आणि दोन पायांमधून जाऊन परत त्याच खांद्यावर येतो. म्हणजे तो एक बंद वेढा आहे. तो आखूड पडला तर खांद्यावर रुततो आणि खाली काचतो, मग मूल प्रत्येक उडीनंतर कडा ओढत राहतं. लांब झाला तर पोटावर वळ्या पडतात आणि मागची बाजू लोंबते. वयावरून किंवा फक्त छातीवरून साइझ निवडली की हमखास हेच होतं. सारख्याच छातीच्या दोन मुलींच्या उभ्या वेढ्यात सहज सहा-सात सेंटिमीटरचा फरक असू शकतो.

म्हणून टेप हातात घेतली की पहिलं माप हेच. मानेचं मूळ आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मधल्या बिंदूवर टेपचं टोक धरा. टेप छातीवरून, पोटावरून खाली आणा, दोन पायांमधून मागे घ्या आणि पाठीवरून त्याच बिंदूपर्यंत वर न्या. टेप अंगाला लागलेली हवी, पण आवळलेली नको. माप घेताना मूल वाकून खाली बघतं आणि तेवढ्यात आकडा बदलतो, त्यामुळे त्याला समोर बघायला सांगा. मोठ्यांसाठी १५० सेंटिमीटरची टेप पुरेलच असं नाही. तेव्हा न ताणणारी दोरी वापरा आणि नंतर ती टेपवर मोजा. याशिवाय छाती, कंबर, नितंब आणि हाताची लांबी ही मापं लागतात, पण त्यांचा मान दुसरा.

आता कागदी पॅटर्न या मापांपेक्षा लहान असायला हवा. किती लहान, ते कापड ठरवतं. कापडाची घडी घाला आणि काठापासून दूर, घडीवरच दहा सेंटिमीटरवर खुणा करा. पट्टीवर धरून कापड ताठ वाटेपर्यंत ताणा. खूण १६ सेंटिमीटरपर्यंत गेली तर ताण ६०% आहे. आडवं बघा, मग उभं बघा. आडवा ताण निदान ५०% हवा, आणि उभाही त्याच्या आसपास हवा. फक्त एका दिशेला ताणलं जाणारं कापड लिओटार्डला चालत नाही, कारण पुढे वाकताना पाठीची उभी लांबीच वाढते. मग कापड सोडा. खूण लगेच दहावर परतली तर कापड चांगलं. साडेदहावर थांबली तर पहिल्याच सरावानंतर बसायच्या जागी पिशवी होणार, ते कापड बाजूला ठेवा. आणखी एक चाचणी अनेकजण विसरतात. ताणलेलं कापड उजेडात धरून बघा. छापील पॉलिस्टर-स्पँडेक्समध्ये (स्पँडेक्स म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा) रंग बऱ्याचदा वरच्या थरावरच असतो आणि ताणलं की आतला पांढरा धागा दिसतो. गडद छापाचा लिओटार्ड नेमका नितंबांवर फिकट दिसतो तो यामुळेच.

चारही बाजूंना ६०% च्या आसपास ताणलं जाणारं नायलॉन-स्पँडेक्स ट्रायकॉट असेल (बारीक विणीचं गुळगुळीत कापड, साधारण ८०:२० मिश्रण, वजन दर चौरस मीटरला १८० ते २२० ग्रॅम), तर उभ्या वेढ्यात ८% आणि आडव्या मापांत १२ ते १३% कमी धरा. उभा वेढा १२० आणि छाती ६६ असेल, तर पॅटर्नचा वेढा ११० आणि छाती ५७ ते ५८. स्ट्रेच व्हेल्व्हेट कमी ताणलं जातं. तिथे उभ्यात ५% आणि आडव्यात ८ ते १० इतकंच कमी करा. कॉटन-लायक्रा नृत्याच्या वर्गासाठी त्वचेला छान लागतं, पण घाम पिऊन जड होतं आणि खाली ओढलं जातं. जिम्नॅस्टिक्ससाठी मी ते सुचवणार नाही.

तयार पॅटर्न वापरत असाल तर त्याचा वेढा स्वतः मोजा. पुढच्या तुकड्याची खांदा-मध्यापासून खालच्या शिवणीपर्यंतची लांबी आणि मागच्या तुकड्याची तशीच लांबी मिळवा, शिलाईची माया वजा करा. समजा चार सेंटिमीटर कमी पडतात. ते सगळे खालच्या टोकाला जोडू नका, तसं केलं की कमर चुकीच्या जागी येते आणि पायाचा गोलाई-आकार बिघडतो. पुढचा आणि मागचा तुकडा प्रत्येकी दोन जागी आडवा कापा, एकदा छाती आणि कंबर यांच्यामध्ये आणि एकदा कंबर आणि नितंब यांच्यामध्ये. प्रत्येक जागी एक सेंटिमीटर उघडा. झाले चार.

मुंढ्याकडे, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईकडे, विशेष लक्ष द्या. साध्या कपड्याची सवय असलेला हात मुंढा खोल कापतो, म्हणजे हालचालीला जागा मिळेल असं वाटतं. इथे नेमकं उलट घडतं. मुंढा खोल असेल तर हात वर जाताच बाही सगळं धड वर ओढते आणि पायाची कड रुतते. मुंढा काखेच्या जवळ ठेवा, एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खाली नको. हात डोक्यावर नेल्यावर पायाची कड जागेवर राहिली, तर मुंढा बरोबर आहे.

कापड १५० सेंटिमीटर रुंद असेल तर या मापाच्या लांब बाह्यांच्या लिओटार्डला ७० सेंटिमीटर पुरतं. जास्त ताणाची दिशा अंगाभोवती घ्या. व्हेल्व्हेटची लव आणि फॉइलची (चकचकीत थर चढवलेल्या कापडाची) चमक सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला हवी, नाहीतर पुढची आणि मागची बाजू दोन वेगळ्या रंगांची दिसते. फॉइलच्या कापडाला टाचणीचं भोक कायमचं राहतं, म्हणून वजनं ठेवून गोल पात्याच्या कटरने कापा आणि शिवताना क्लिप लावा. टाचणी लावायचीच झाली तर मायेच्या आत.

सुई स्ट्रेचची, ७५ नंबरची, आणि प्रत्येक नव्या कपड्याला नवी. साध्या सुईने टाके सुटतात त्याचं कारण असं: लवचिक कापड सुईबरोबर खाली जातं आणि वर येतं, त्यामुळे सुईमागे दोऱ्याचा फास तयारच होत नाही आणि खालच्या हुकाला पकडायला काही मिळत नाही. स्ट्रेच सुईला मागे खोलगट जागा असते, तिथे तो फास टिकतो. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा तुटेल. ओव्हरलॉक (कड गुंफत शिवणारं मशीन) असेल तर चार दोऱ्यांची शिवण घाला आणि लूपरमध्ये, म्हणजे कड गुंफणाऱ्या दोऱ्यांच्या जागी, फुगीर टेक्स्चर्ड नायलॉन दोरा घ्या. तो ताणला जातो आणि त्वचेला मऊ लागतो, फक्त त्याच्यावर गरम इस्त्री नको.

ओव्हरलॉक नाही म्हणून थांबू नका. साध्या मशीनवर रुंदी १ ते १.५ आणि लांबी २ ते २.५ मिलिमीटरचा बारीक झिगझॅग उत्तम काम देतो. सरळ टीप मात्र कुठेही नको, पहिल्या स्प्लिटलाच (पाय पूर्ण फाकवून बसताना) ती तुटेल. कापून उरलेल्या तुकड्यावर शिवण घालून दहा सेंटिमीटरचा भाग सोळापर्यंत ताणा. कट्कन आवाज आला तर दोऱ्याचा ताण कमी करा किंवा झिगझॅग थोडा रुंद करा. शिवण लाटांसारखी उठत असेल तर कापड हाताने ओढलं जातंय किंवा दाबपायाचा दाब जास्त आहे. दाब कमी करा, कापड फक्त दिशा देण्यापुरतं धरा. सुरुवातीलाच मशीन कापड गिळत असेल तर दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा आणि खाली पातळ कागदाची पट्टी घाला.

क्रम असा ठेवा. रंगीत पट्ट्या जोडायच्या असतील तर त्या आधी. मग खांदे, मग सपाट असतानाच बाह्या, मग मनगटापासून पायाच्या कडेपर्यंत एकच सलग बाजूची शिवण. त्यानंतर दोन पायांमधली शिवण, अस्तरासकट. पुढचा आणि मागचा तुकडा सुलट्या बाजू समोरासमोर ठेवा, अस्तराची सुलटी बाजू मागच्या तुकड्याच्या उलट्या बाजूवर ठेवा आणि तिन्ही थर एकत्र शिवा. अस्तर पुढच्या बाजूला उलटवलं की शिवण आत बंद होते आणि त्वचेला टोचत नाही. फिकट रंगाच्या लिओटार्डला पुढच्या बाजूला पूर्ण अस्तर हवं, आणि ते त्वचेच्या रंगाचं, पांढरं नको. अस्तर वरच्या कापडाइतकं तरी ताणलं गेलं पाहिजे. कमी ताणाचं अस्तर लावलं की सगळा कपडाच तेवढाच ताणला जातो.

आता इलॅस्टिक. कापड आणि शिवण चांगली असूनही कपडा इथे फसतो. विणीचं किंवा रबरी इलॅस्टिक घ्या, ८ ते १० मिलिमीटर रुंदीचं. वेणीसारखं गुंफलेलं इलॅस्टिक ताणल्यावर अरुंद होतं आणि सुईने टोचल्यावर सैल पडतं. रबरी इलॅस्टिक सगळ्यात टिकाऊ, पण लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना ते लावू नका. वर दिलेल्या मापाला गळा, मुंढे आणि पाय धरून अडीच मीटर पुरेल. बाह्या असतील तर त्याहून कमी.

पायाच्या कडेला इलॅस्टिक समान वाटून लावू नका. पुढे ते जवळजवळ न ताणता आणि मागे ताणून लावायचं असतं. पुढे ताणलं की मांडीच्या सांध्यात वळ उठतो. मागे सैल राहिलं की कड नितंबावरून वर सरकते. पॅटर्नमधली पायाची कड ४४ सेंटिमीटर असेल, त्यात पुढे २१ आणि मागे २३, तर इलॅस्टिक ४० आणि जोडासाठी एक सेंटिमीटर जास्त कापा. बाजूची शिवण आणि मधली शिवण या दोन जागी खुणा करा, पुढे २० आणि मागे २० वाटा. कापडाच्या उलट्या बाजूला, कडेला कड जुळवून झिगझॅग मारा. मग आत एकदा दुमडा आणि सुलट्या बाजूने तीन टप्प्यांच्या झिगझॅगने किंवा रुंद झिगझॅगने टीप द्या. दुसरी टीप देताना कापड पुढून आणि मागून दोन्ही हातांनी थोडं ताणलेलं हवं, नाहीतर सुलट्या बाजूला बारीक चुण्या पडतात. गळ्याला ५ ते ८% कमी लांबीचं इलॅस्टिक पुरे.

गळ्यातून पाय घालून लिओटार्ड चढवायचा असतो, हे विसरू नका. गळा इलॅस्टिकसकट पूर्ण ताणून मोजा. तो नितंबांच्या मापापेक्षा मोठा झाला पाहिजे. उंच गळा हवा असेल तर पाठीत चीर ठेवून वर बटण लावा.

शेवटची टीप देण्याआधी धावदोऱ्यावर घालून बघा, आणि नुसतं उभं राहून नको. हात वर, पूल (मागे वाकून कमान), पुढे वाकणं, उकिडवं बसणं, स्प्लिट, सगळं करून घ्या. खांद्यावर लाल वळ उठला तर वेढा कमी आहे. खांद्याच्या शिवणीत सुरुवातीपासून दोन सेंटिमीटर माया ठेवली असेल तर तिथून एक-दोन सेंटिमीटर सोडता येतात. कमरेवर आडव्या वळ्या पडल्या तर तिथूनच कमी करा. वाढत्या मुलांसाठी मोठा शिवून ठेवायचा मोह होतो, पण सैल लिओटार्ड बारवर आणि हातातल्या ग्रिपमध्ये (तळहातावरच्या पट्ट्यात) अडकू शकतो. मायेत जेवढी सोय ठेवता येईल तेवढीच ठेवा.

स्पर्धेसाठी शिवत असाल तर नियम आधी वाचा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या महिला कलात्मक जिम्नॅस्टिक्सच्या नियमांत खांद्याची पट्टी निदान २ सेंटिमीटर रुंद लागते, पुढचा गळा छातीच्या हाडाच्या मध्याखाली आणि मागचा खांद्याच्या पात्यांखाली जाऊ शकत नाही, पायाची कड कमरेच्या हाडापेक्षा वर नको. पूर्ण पायांचा युनिटार्डही चालतो. जर्मनीच्या खेळाडू २०२१ मध्ये टोकियोत तसा घालून उतरल्या होत्या. त्यात मांडीची आणि पोटरीची मापं वाढतात, उभा वेढा मात्र तोच.

नृत्याच्या पोशाखाला घागरा लावायचा असेल तर तो स्ट्रेच मेशचा (ताणणाऱ्या जाळीचा) करा. पूर्ण गोल घागऱ्याची आतली त्रिज्या म्हणजे जिथे तो जोडायचा तिथल्या पॅटर्नचा घेर भागिले ६.२८. मेशची कड सुटत नाही, दुमडायला लागत नाही. न ताणणाऱ्या शिफॉनचा घागरा असेल तर आतला घेर पॅटर्नचा न घेता ताणलेल्या कपड्याचा, म्हणजे अंगाचा घ्या आणि थोडा वाढवा. नाहीतर कपडा चढवतानाच जोड फाटतो.

खडे अगदी शेवटी. लिओटार्ड अंगाच्या रुंदीच्या, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पुठ्ठ्यावर चढवा. कापड ताणलेलं राहतं आणि गोंद मागच्या बाजूला चिकटत नाही. सैल कापडावर खडे लावले तर घातल्यावर त्यांच्यात अंतर पडतं आणि ताणाने ते उडतात. १६ नंबरचा खडा साधारण ४ मिलिमीटरचा असतो, रोजच्या नक्षीला तो पुरे. उष्णतेने चिकटणारे खडे फॉइलवर नकोत, चमक उडते. लवचिक गोंद वापरा, खिडकी उघडी ठेवा आणि निदान एक पूर्ण दिवस हलवू नका. बारवर टेकणारा कमरेच्या हाडांचा पुढचा भाग, काखेखालची बाजू, लोळण घेताना जमिनीला लागणारा मणका आणि बसायची जागा खड्यांविना ठेवा.

धुताना थंड पाणी, हाताने, उलटी बाजू बाहेर. ब्लीच आणि ड्रायर दोन्ही नकोत, स्पँडेक्सचा धागा त्यांनी मरतो. लाल-पांढरा किंवा काळा-पांढरा जोड असेल तर ओला गोळा करून ठेवू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत सपाट पसरा.