उशीखालची पाटी

दुपारी अभ्रे बदलायला घेतले की घरातल्या प्रत्येकाचं एकेक गुपित बाहेर पडतं. नवऱ्याच्या उशीखाली टीव्हीचा रिमोट, ज्यासाठी सकाळी घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीच्या उशीखाली चार्जर, माझ्या उशीखाली व्हिक्सची डबी आणि केसांच्या पिना. आजीच्या उशीखाली किल्ल्यांचा जुडगा आणि अडकित्ता असायचा. झोपेत कुणी पोर दचकलं, की अंधारात चाचपडत ती तो अडकित्ता त्याच्या उशाखाली सरकवायची आणि पुटपुटत परत आडवी व्हायची. पितळेचा, थंडगार. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र अडकित्त्याच्या जागी भूगोलाचं पुस्तक. नद्या रात्रभरात डोक्यात झिरपतात, यावर आम्हा भावंडांची श्रद्धा होती.

शार्लमेनच्या उशीखाली लिहायच्या पाट्या आणि वह्या असत. आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातल्या फ्रँक लोकांचा हा राजा. इ. स. ७७४ मध्ये त्याने इटलीतलं लोंबार्डांचं राज्य घेतलं, ८०० सालच्या नाताळात रोममध्ये पोप तिसऱ्या लिओने त्याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. लॅटिन घडाघडा बोलायचा, ग्रीक कळायचं. पण अक्षर काही वळेना. मग वेळ मिळेल तेव्हा अंथरुणातच गिरवायला पाट्या उशाशी. आइनहार्ड हा त्याच्या दरबारातला माणूस आणि चरित्रकार. त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय: फार उशिरा सुरुवात केली, जमलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा पुतळा घडवतानाही त्याने हे झाकलं नाही, म्हणून मला आइनहार्ड आवडतो. गंमत म्हणजे याच राजाच्या काळात मठांमधून जे सुबक, गोलसर वळण रुळलं, त्यातूनच पुढे आजची छापील लहान रोमन अक्षरं आली. राजाला मात्र ती गिरवताच आली नाहीत.

असल्या बारकाव्यांपुढे त्याच्या लढायांची यादी मला कधी पाठ झाली नाही. धिप्पाड देह आणि त्या मानाने बारीक आवाज. आखेन या आजच्या जर्मनीतल्या त्याच्या राजधानीत गरम झऱ्यात पोहायचं, तेही एकट्याने नाही. मुलं, सरदार, शरीररक्षक सगळ्यांना घेऊन, कधी कधी शंभरावर माणसं. बगदादच्या खलिफाने, हारून अल रशीदने, हत्ती पाठवला तो ८०२ मध्ये आखेनला पोचला. म्हातारपणी वैद्यांनी सांगितलं, भाजलेलं मांस सोडा, उकडलेलं खा; तर वैद्यांचाच राग धरून बसला. (आमचे एक काका श्रीखंडावरून डॉक्टर बदलत राहिले, ते आठवलं.) आणि उन्हाळ्यात जेवणानंतर थोडी फळं, एक पेला, मग कपडे-जोडे उतरवून दोन-तीन तास चक्क ताणून द्यायची. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांनी खरं तर याची तसबीर गल्ल्यामागे लावायला हवी.

रात्रीची झोप मात्र तुटक. चार-पाच वेळा जाग यायची, आणि नुसती जाग नाही, उठून बसायचा. का, ते आइनहार्ड सांगत नाही. वय म्हणावं, राज्याची काळजी म्हणावी.

आइनहार्ड आणखीही एक गोष्ट सांगत नाही. उत्तर जर्मनीतल्या सॅक्सन लोकांशी ७७२ पासून तीसेक वर्षं युद्ध चाललं होतं. ७८२ मध्ये त्यांनी बंड केलं, फ्रँक सैन्याला मार खावा लागला. राजा स्वतः गेला. आलर नदीकाठी फेर्डनला त्याने बंडखोर मागितले, सॅक्सन सरदारांनी ते आणून दिले. एका दिवसात ४,५०० माणसांची डोकी उडवली. आकडा दरबाराच्याच वार्षिक नोंदींतला आहे. इतिहासकार त्यावर अजून वाद घालतात. पण लिहिणाऱ्याला तो खोडावासा वाटला नव्हता. पुढची ओळ अशी की राजा हिवाळ्यासाठी तियोंव्हिलला गेला आणि नाताळ नि ईस्टर त्याने तिथेच साजरे केले, नेहमीप्रमाणे.