पडद्यावरून टेबलापर्यंत: लास व्हेगासमधील पहिल्या पोकर स्पर्धेची तयारी

जून-जुलैमध्ये लास व्हेगासला जाऊ नये असे पर्यटनाचा विचार करणारा कोणीही सांगेल, कारण वाळवंटातील या शहराचे तापमान त्या दिवसांत चाळीस अंशांच्या वर सहज जाते आणि दुपारी दोन इमारतींमधले अंतर चालणेसुद्धा नकोसे होते. तरीही पोकर खेळणारे जगभरातून नेमके याच दिवसांत येथे येतात. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ याच काळात भरते, तिच्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क १०,००० डॉलर असते आणि २०२४ मध्ये या एका स्पर्धेत १०,११२ प्रवेश नोंदवले गेले. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. या दिवसांत शहरातील अनेक कॅसिनो काहीशे डॉलरांत प्रवेश मिळणाऱ्या लहान स्पर्धा रोज भरवतात, त्यामुळे आजवर केवळ पडद्यावर खेळलेल्या माणसाला प्रत्यक्ष टेबलावर बसण्यासाठी याहून सोयीची वेळ मिळणे कठीण आहे.

ऑनलाइन खेळून डाव समजतो, शक्यतांचे गणित अंगवळणी पडते, कोणत्या जागेवरून कोणती पाने खेळावीत याचा अंदाज येतो आणि हे सगळे टेबलावर जसेच्या तसे उपयोगी पडते. म्हणून डावपेचांच्या अभ्यासात मी प्रवासापूर्वी फारशी भर घातली नाही. सॉफ्टवेअर आपल्यासाठी मुकाट्याने जी कामे करत असते, त्यांची यादी करून पाहिली तेव्हा मात्र तयारी कशाची करायची ते कळले. पाळी कोणाची आहे, पॉट (म्हणजे डावात जमा झालेली रक्कम) किती झाला, किमान किती रेझ करावा लागेल, म्हणजे पण किती वाढवावा लागेल, हे सगळे ते सांगते. आपल्या हाताची, म्हणजे पानांच्या जुळणीची, किंमत लिहून दाखवते, हरलेली पाने स्वतः टाकून देते आणि जिंकलेली रक्कम अचूक मोजून आपल्या नावावर जमा करते. टेबलावर यातील बरेचसे काम खेळणाऱ्याच्या हातांवर, डोळ्यांवर आणि तोंडी हिशेबावर येऊन पडते.

सुरुवात पत्त्यांपासूनच करावी लागली. ऑनलाइन खेळताना मी चार रंगांची पाने लावून ठेवत असे, ज्यात किलवर हिरवे आणि चौकट निळी दिसते. त्यामुळे फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, होतो आहे की नाही हे पाहण्यासाठी विचार करावाच लागत नाही. खऱ्या गड्डीत लाल आणि काळा असे दोनच रंग असतात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडलेले इस्पिक आणि किलवर यांत, किंवा बदाम आणि चौकट यांत, क्षणभराचा घोटाळा होणे अगदी स्वाभाविक आहे. मी संगणकावरची पाने निघण्यापूर्वी बरेच आधी दोन रंगांची करून टाकली आणि सुरुवातीचे काही दिवस त्याचा त्रास झाला. आपली पाने पाहणे हेही एक स्वतंत्र कसब आहे. ती टेबलावरच ठेवून, दोन्ही तळहातांनी झाकून, फक्त कोपरा अंगठ्याने उचलून पाहायची. उचलून छातीशी धरली तर शेजाऱ्याला ती दिसतात आणि त्यात दोष त्याचा नसतो. एकदा पाहिलेली पाने लक्षातही ठेवावी लागतात, कारण टेबलावर सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या सामायिक पानांत तीन किलवर पडल्याबरोबर आपण पुन्हा पाने उचलून पाहिली, तर आपल्याकडे फ्लश अजून झालेला नाही आणि आपण एखादे किलवर शोधत आहोत असा अंदाज सर्वांना येतो.

त्यानंतर चिप्स. घरी चिप्सचा एक साधा संच आणून मी वीस-वीसच्या गठ्ठ्या रचणे, त्यातून हवी तेवढी रक्कम मोजून एका हालचालीत पुढे सरकवणे आणि पॉट मनात मोजत राहणे, एवढाच सराव केला. चिप्स बोटांत फिरवण्याची कला अनेकांना मोह घालते. ती आली नाही तरी काहीही बिघडत नाही, असे माझे मत आहे. पॉट मोजता येणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण नो-लिमिट, म्हणजे पणाला कमाल मर्यादा नसलेल्या, खेळात डीलरला (पाने वाटणाऱ्याला) पॉटची रक्कम विचारली तर तो ती मोजून सांगत नाही, फार तर चिप्स पसरून दाखवतो. ज्याला पडद्यावर ‘अर्धा पॉट’ असे बटण दाबण्याची सवय आहे, त्याने हा हिशेब प्रत्येक फेरीत स्वतःशी पुटपुटायला शिकावे.

नियमांचे वाचन हा तयारीचा सर्वांत फायदेशीर भाग ठरला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनने स्पर्धांसाठी एक सामायिक नियमावली तयार केली असून अनेक कॅसिनो तीच, थोड्याफार फरकाने, वापरतात. त्यातील काही नियम असे आहेत की ऑनलाइन खेळणाऱ्याच्या ते स्वप्नातही येणार नाहीत. समजा ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्यापूर्वी दोन खेळाडूंनी भरायच्या सक्तीच्या रकमा, १०० आणि २०० आहेत आणि तुम्हाला ५०० पर्यंत वाढवायचे आहे. तुम्ही काही न बोलता ५०० ची एकच चिप पुढे ठेवली, तर तो रेझ न मानता २०० चा कॉल, म्हणजे आधीच्या रकमेशी बरोबरी, मानला जातो आणि उरलेले पैसे तुम्हाला परत मिळतात. ‘रेझ’ हा शब्द चिप टेबलाला लागण्यापूर्वी उच्चारावा लागतो. पुढे कोणी ५०० केले, तर वाढ ३०० ची झाली, म्हणून त्यानंतरचा रेझ किमान ८०० चा हवा. हे गणित सांगणारी पट्टी टेबलावर नसते. चिप्स एकदा पुढे ठेवून पुन्हा मागे जाऊन आणखी आणल्या तर त्याला स्ट्रिंग बेट (तुकड्यातुकड्याने लावलेला बेट, म्हणजे पण) म्हणतात आणि तो ग्राह्य धरत नाहीत. आपली पाळी आल्यावर तोंडाने केलेली घोषणा बंधनकारक असते. या सगळ्यावर एकच उपाय मी ठरवून टाकला: आधी स्पष्ट आवाजात आकडा सांगायचा आणि मगच चिप्सना हात लावायचा. लाजाळू माणसाला हे सुरुवातीला जड जाते, पण त्यामुळे अनेक वाद उद्भवतच नाहीत.

आणखी दोन नियमांनी मला विचारात पाडले. सर्व चिप्स पणाला लागून पाने उघडी करण्याची वेळ आली, की पॉट मिळवण्यासाठी दोन्ही पाने उताणी टाकावी लागतात. आपण जिंकलो आहोत असे समजून किंवा हरलो आहोत असे वाटून ती पालथी सरकवली आणि टाकलेल्या पानांच्या ढिगात मिसळली, तर सर्वोत्तम हातसुद्धा व्यर्थ जातो. दुसरा नियम पानांच्या रक्षणाचा. डीलरच्या लगेच डाव्या किंवा उजव्या हाताला बसलेल्या खेळाडूची राखण न केलेली पाने डीलरच्या हातून चुकून गोळा होऊ शकतात आणि तसे झाल्यास तक्रारीला सहसा जागा नसते. म्हणूनच अनुभवी खेळाडू पानांवर एखादी चिप किंवा जड नाणे ठेवतात; पाहणाऱ्याला ते शकुनासारखे वाटते, पण ती निव्वळ खबरदारी असते.

लास व्हेगासच्या विमानतळावरच जुगाराची यंत्रे खणखणत असतात, तेव्हा शहराची ओळख व्हायला वेळ लागत नाही. मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोहोचलो होतो आणि ही गोष्ट मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगेन, कारण त्या दिवसाचा उपयोग केवळ झोप पुरी करण्यासाठी नसतो. नावनोंदणीची खिडकी कोठे आहे, रांग किती लांब असते, टेबलांवर क्रमांक कोठे लावले आहेत, स्वच्छतागृह किती दूर आहे, हे सगळे आधी पाहून ठेवले तर दुसऱ्या दिवशी डोके खेळासाठी मोकळे राहते. नेवाडात जुगारासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे नोंदणीला मूळ पासपोर्ट लागतो. करासंबंधीची माहितीही आधीच काढून ठेवावी. परदेशी खेळाडूने मोठे बक्षीस मिळवले आणि त्याच्या देशाशी तसा कर-करार नसेल, तर ३० टक्के रक्कम कापूनच हाती येते. नोंदणीनंतर मिळणाऱ्या पावतीवर टेबल आणि आसन यांचे क्रमांक छापलेले असतात. आपली जागा आपण निवडत नाही.

दालनात पाऊल टाकल्यावर सर्वांत आधी जाणवतो तो आवाज. शेकडो माणसे एकाच वेळी चिप्स बोटांत खेळवत असतात आणि रातकिड्यांच्या किरकिरीसारखा तो नाद कोठूनच येत नाही आणि सगळीकडून येतो. दुसरी जाणीव गारठ्याची. बाहेर अंग भाजत असताना आत वातानुकूलन इतके कडक असते की तासाभरात बोटे आखडतात; स्वेटर बरोबर ठेवण्याचा सल्ला मी वाचला होता आणि तो अक्षरशः खरा निघाला. तेथे उभे राहून मी बराच वेळ नुसते खेळणाऱ्यांना पाहिले. डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोलावे असा नियम अमेरिकेतील कॅसिनोंत असतो, म्हणून आपल्यापैकी दोघे एका टेबलावर आले तरी त्या वेळी मराठीतून एक अवाक्षरही काढू नये. भ्रमणध्वनीबद्दलही शिस्त कडक आहे. हातात पाने असताना तो वापरता येत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर फ्रीमाँट स्ट्रीटवर गेलो. वर्ल्ड सिरीज १९७० मध्ये सुरू झाली ती येथील बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोमध्ये. २००५ मध्ये ती रिओ हॉटेलात हलली आणि २०२२ पासून स्ट्रिप या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर भरते. याच बिनियन्समध्ये २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या टेनेसीतील हिशेबनिसाने मुख्य स्पर्धा जिंकली. ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून त्याला प्रवेश मिळाला होता, समोर एकूण ८३९ जणांचे मैदान होते, बक्षीस २५ लाख डॉलरचे होते आणि प्रत्यक्ष टेबलावरची ती त्याची पहिलीच स्पर्धा होती. दुसऱ्याच वर्षी खेळाडूंची संख्या २,५७६ वर गेली. ही कथा ऑनलाइन खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते आणि ती थोडी घातकही आहे, कारण तिच्या भरात आपली गाठ एका दुर्मीळ अपवादाशी पडली आहे हे विसरायला होते. मला तयारीच्या दृष्टीने नॉर्वेच्या अॅनेट ओब्रेस्टाडचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते. १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा तिने स्वतःची पाने जवळजवळ न पाहताच जिंकली होती. केवळ एकदा पाहिली, असे ती सांगते. पुढे २००७ मध्ये लंडनला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा तिने जिंकली तेव्हा ती १८ वर्षांची होती, म्हणजे लास व्हेगासमध्ये तिला टेबलावर बसताही आले नसते. समोरचा कधी बेट लावतो, किती लावतो आणि कोणत्या जागेवरून लावतो एवढ्यावरच किती काही कळते, हे त्यातून दिसते.

ही नजर टेबलावर फार लागते, कारण तेथे वेळच वेळ असतो. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात आणि अनेकजण एकाच वेळी चार टेबले उघडतात. प्रत्यक्षात पाने पिसून, वाटून, चिप्स मोजून तासाला पंचवीस-तीस डावांपलीकडे मजल जात नाही. माझ्या स्पर्धेत २०,००० चिप्स मिळणार होत्या, ब्लाइंड १०० आणि २०० पासून सुरू होऊन दर तीस मिनिटांनी वाढणार होते. म्हणजे एका लेव्हलमध्ये, ब्लाइंडच्या दोन वाढींमधल्या टप्प्यात, जेमतेम पंधरा डाव. एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा येते. चार तासांत शंभरेक डाव होणार असतील, तर तिची वाट पाहत बसण्यात काय अर्थ आहे? दुसऱ्या बाजूने, या संथपणाला कंटाळून नको ती पाने खेळण्याचा मोह ऑनलाइनवाल्यांना फार होतो, असे जाणकार सांगतात. त्यावर मी एक काम स्वतःला लावून घेतले: पाने टाकल्यावरसुद्धा प्रत्येक डावात दोन माणसांकडेच पाहायचे आणि शेवटी पाने उघडली की त्यांचे आधीचे बेट आठवून जुळवून पाहायचे. आकडेवारी दाखवणारे सॉफ्टवेअर येथे नाही, त्यामुळे ती नोंद डोक्यातच ठेवावी लागते आणि विश्रांतीत वहीत उतरवावी लागते.

दुसऱ्या दिवशी माझे आसन डीलरच्या लगेच डाव्या हाताला निघाले, जेथून त्याच्या पलीकडचे दोन खेळाडू मान पुढे काढल्याशिवाय दिसत नाहीत. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. माझ्या मोठ्याने आकडा सांगण्यावरून त्यांनी लगेच विचारले, ‘‘पहिल्यांदाच का?’’ मी हो म्हटले. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते आणि तसेही माझ्या हातांवरून ते कोणालाही कळलेच असते. पहिला रेझ करताना बोटे थरथरली. पाने चांगली असताना हात थरथरणे ही नवख्यांची ठळक खूण मानली जाते, आणि बहुधा म्हणूनच सगळ्यांनी मुकाट्याने पाने टाकली. दोन लेव्हलनंतर बोटांचे थरथरणे थांबले. अँटी, म्हणजे डावाआधी पॉटमध्ये टाकायची रक्कम, प्रत्येकाकडून न घेता संपूर्ण टेबलाची अँटी बिग ब्लाइंड (दोनपैकी मोठा ब्लाइंड) भरणाऱ्या खेळाडूनेच भरायची ही पद्धत वाचून ठेवली होती, तरी चिप्स पुढे करताना दर वेळी थोडे थांबावे लागे. पॉट मोजण्याचा सराव मात्र पुरेपूर कामी आला.

बक्षिसाच्या यादीपर्यंत मी पोहोचलो नाही. संध्याकाळी माझ्याकडे बिग ब्लाइंडच्या पंधरा-सोळा पट चिप्स उरल्या असताना एक्का-राजा आले, मी सगळे पुढे केले आणि समोरच्याने राण्यांची जोडी उघडली. अशा सामन्यात जोडीचे पारडे किंचितच जड असते. टेबलावर ना एक्का पडला, ना राजा. डीलरने दोघांच्या चिप्स शेजारी-शेजारी रचून मोजल्या आणि माझ्या त्याच्यापेक्षा कमी भरल्या. ऑनलाइन अशा वेळी एक चौकट उघडते आणि क्रमांक दाखवून बंद होते. येथे उठायचे, शेजाऱ्यांशी हस्तांदोलन करायचे, स्वेटर आणि वही घ्यायची आणि टेबलांच्या गर्दीतून वाट काढत बाहेर पडायचे. शेजारच्या गृहस्थांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या एका स्पर्धेबद्दल सांगितले, जिचे शुल्क कमी आणि लेव्हल अधिक वेळाच्या होत्या. नोंदणीच्या खिडकीसमोर तेव्हा चार-पाचच माणसे होती, म्हणून ती पावती मी त्याच संध्याकाळी घेऊन ठेवली; त्या वेळी मिळालेले आसन डीलरच्या बरोबर समोरचे होते.